वहीत एक प्रश्न घेऊन जा: वेब यूएक्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी कॉन्फरन्सची वाट

वेब यूएक्स, म्हणजे वेबसाइट वापरणाऱ्याचा अनुभव (युजर एक्स्पीरियन्स) घडवण्याचं काम. त्यावरची माझी पहिली कॉन्फरन्स मी साफ वाया घालवली. दोन दिवसांत बारा भाषणं ऐकली, एकही चुकवलं नाही. सुट्टी झाली की कोपऱ्यात उभी राहून फोन चाळायचे. वही भरली, गळ्यात अडकवायचं नावाचं कार्ड आठवण म्हणून जपून ठेवलं आणि परत आले. महिन्याभराने वही उघडली तर आत 'वापरकर्त्याच्या जागी स्वतःला ठेवा', 'साधेपणा अवघड असतो' अशी वाक्यं. सगळी खरी, पण एकाचाही माझ्या टेबलावर पडलेल्या कामाशी संबंध नव्हता.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा डोक्यात एक नोंदणी फॉर्म होता. दुसऱ्या टप्प्यावर लोक तो अर्धवट सोडून जात होते आणि आमच्यापैकी कुणालाच कारण कळत नव्हतं. या वेळी मी जेमतेम पाच भाषणं ऐकली, पण फॉर्मबद्दल आठ-नऊ जणांशी बोलले. त्यांतल्या एक बाई ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग करणाऱ्या, म्हणजे अपंग माणसांनाही साइट वापरता येते का ते तपासणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तुमचा एरर मेसेज स्क्रीन रीडर वाचून दाखवतो का?" स्क्रीन रीडर म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर. नव्हता दाखवत. मग त्या म्हणाल्या, "बरं, डोळ्यांनी बघणाऱ्याला तरी दिसतो का?" मी फोन काढला आणि त्यांच्यासमोरच फॉर्म उघडला. मोबाइलचा कीबोर्ड वर आला की आमचा लाल मजकूर त्याच्याखाली झाकला जात होता. आम्ही तो फॉर्म सहा महिने डेस्कटॉपवरच तपासत बसलो होतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन अनुभवांतल्या फरकातून निघाल्या आहेत.

पायरी १: आधी प्रश्न, मग तिकीट

कॉन्फरन्सला जायचं म्हटलं की आपण पहिल्यांदा वक्त्यांची यादी उघडतो. त्याआधी कोरा कागद घ्या आणि गेल्या तीन महिन्यांत कामात नेमके कुठे अडलात ते लिहून काढा. 'फॉर्म चांगले कसे करावेत' हा प्रश्न नव्हे, तो लेखाचा मथळा झाला. 'मोबाइलवर चूक केव्हा दाखवावी, टाइप करत असतानाच की रकाना सोडल्यावर?' हा प्रश्न. ओळखायची खूण सोपी आहे. मोघम प्रश्नावर लोक मान डोलावतात, नेमका प्रश्न ऐकला की लगेच उलट विचारतात, "फॉर्म कुणासाठी आहे? किती रकाने आहेत? लोक तो रोज भरतात की एकदाच?"

नोकरीच नाही, अजून शिकतोय, मग प्रश्न कुठून आणायचा? रोज वापरात असलेली एखादी वेबसाइट घ्या. ओळखीच्या तिघांना तिच्यावर एकच काम करायला सांगा, म्हणजे पासवर्ड बदलणं किंवा दिलेली ऑर्डर रद्द करणं. ते करत असताना शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हे तोंड बंद ठेवणं वाटतं त्यापेक्षा फार कठीण आहे. तिसरा माणूस संपेपर्यंत तुमच्या हातात स्वतःचा असा एक तरी प्रश्न असेल आणि तो कुठल्याही कोर्समध्ये मिळालेल्या प्रश्नापेक्षा जिवंत असेल.

असे तीन प्रश्न निवडा: एक मुख्य, दोन राखीव.

पायरी २: कुठल्या कॉन्फरन्सला जायचं

या क्षेत्रातल्या परिषदा एकसारख्या नसतात. चुकीच्या परिषदेला गेलात तर दोष स्वतःलाच देत बसाल, म्हणून आधी जाती ओळखून घ्या.

पहिली जात संशोधनाची. माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादावरची सर्वांत मोठी परिषद म्हणजे 'सीएचआय'. तिचा उच्चार 'काय' असा करतात, त्यामुळे मराठी माणसाला तिचं नाव पाठ करावं लागत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात झालेल्या बैठकीतून ती सुरू झाली. आता ती दरवर्षी वेगळ्या शहरात भरते: २०२३ ला हॅम्बर्ग, २०२४ ला होनोलुलू, २०२५ ला योकोहामा. इथे हजारो लोक येतात, एकाच वेळी अनेक सभागृहांत शोधनिबंध वाचले जातात आणि बरंचसं काम उद्या सकाळी तुमच्या स्क्रीनवर उतरवण्याजोगं नसतं. नव्या माणसाला इथे हरवल्यासारखं होतं, आणि त्यात त्याची चूक नाही. संशोधनाकडे वळायचं असेल तर मात्र हिच्यासारखी दुसरी जागा नाही.

दुसरी जात रोज हे काम करणाऱ्यांची. युजेबिलिटीत, म्हणजे गोष्टी वापरायला सोप्या करण्यात, काम करणाऱ्यांची 'यूपीए' ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. २०१२ मध्ये तिने नावात 'एक्स' घातला आणि ती 'यूएक्सपीए' झाली. माहितीच्या रचनेवर, म्हणजे मेनू, वर्गीकरण, शोध यांवर काम करणाऱ्यांची परिषद २००० पासून भरते. 'आयए समिट' हे तिचं जुनं नाव, 'आयए कॉन्फरन्स' हे नवं. पहिल्यांदा जाणाऱ्याने या जातीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

तिसरी जात एकाच विषयाला वाहिलेली. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज हे विद्यापीठ सहायक तंत्रज्ञानावर १९८५ पासून परिषद भरवत आलं आहे आणि तिला सगळे 'सीसन' म्हणूनच ओळखतात. स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले किंवा डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक रोज वापरणारी माणसं इथे तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असतात. सहा महिने लेख वाचून जे समजत नाही ते इथे एका सकाळीत समजतं.

आणि ज्यांना इतक्यात लांब जायचं नाही त्यांच्यासाठी एक दिवसाचे मेळावे. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार 'वर्ल्ड युजेबिलिटी डे' म्हणून पाळतात, तो २००५ मध्ये सुरू झाला; आणि मे महिन्याचा तिसरा गुरुवार ॲक्सेसिबिलिटीच्या जागृतीचा दिवस म्हणून, तो २०१२ मध्ये सुरू झाला. या दोन्ही दिवशी जगभर छोटे कार्यक्रम होतात, पुष्कळसे मोफत आणि ऑनलाइनही. पाण्यात पाय घालून बघायला हे पुरेसे आहेत.

सावध राहायची एक गोष्ट. 'यूएक्सवाल्यांनी जायलाच हव्यात अशा परिषदा' अशा याद्या नेटवर पडून असतात आणि त्यांतल्या काही परिषदा आता अस्तित्वातच नाहीत. वेब डिझाइनवाल्यांची लाडकी 'ॲन इव्हेंट अपार्ट' जेफ्री झेल्डमन आणि एरिक मायर यांनी २००५ मध्ये सुरू केली आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. इंटरॅक्शन डिझाइनवाल्यांची 'आयएक्सडीए' ही संघटना २००८ पासून मोठी वार्षिक परिषद भरवायची. २०२४ मध्ये ती संघटनाही गुंडाळली गेली. तेव्हा यादी बघून हुरळू नका. या वर्षीचा कार्यक्रम आणि तारखा छापलेल्या दिसल्या तरच पुढचा विचार करा.

कार्यक्रमपत्रिका वाचायचीही एक रीत आहे. भाषणाच्या गोषवाऱ्यात 'आम्ही काय केलं, कुणावर तपासलं, काय फसलं' यातलं काहीतरी आहे का ते बघा. 'भविष्य', 'क्रांती', 'प्रवास' असे शब्द दाटीने आले असतील आणि वक्ता एखादं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा असेल, तर तो वेळ कॉरिडॉरसाठी राखून ठेवा. एकाच सभागृहात सगळे बसतात अशी परिषद नवख्याला सोपी जाते: काय ऐकू आणि काय सोडू ही ओढाताण नसते, शिवाय बाहेर आल्यावर सगळ्यांनी तेच ऐकलेलं असल्यामुळे बोलायला विषय तयार असतो. आणि अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची कार्यशाळा असेल तर आधी तिची जागा धरा. वीस-तीस माणसं, हातात काम, समोर अनुभवी शिक्षक. भाषणांचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा नंतर बघायला मिळतं, कार्यशाळेचं मिळत नाही.

पायरी ३: पैसे आणि परवानगी

नोंदणीची रक्कम हा खर्चाचा एक भागच असतो. प्रवास, मुक्काम, व्हिसा लागत असेल तर त्याची फी आणि त्यासाठी आयोजकांकडून मागवायचं निमंत्रणपत्र, सगळं मांडून बघा. निमंत्रणपत्राला वेळ लागतो, ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. लवकर नोंदणी करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, विद्यार्थ्यांना वेगळी असते. 'काय'सारख्या परिषदा विद्यार्थी स्वयंसेवक घेतात: ठरलेले तास काम करायचं आणि नोंदणी माफ. स्वयंसेवक होण्यात कमीपणा मानू नका. नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाशी सगळेच बोलतात, त्याला ओळख काढायला निमित्त शोधावं लागत नाही. लाजाळू माणसासाठी मला याहून चांगली जागा ठाऊक नाही.

कंपनीने पाठवावं असं वाटत असेल तर 'मला खूप शिकायला मिळेल' असं लिहू नका. तुम्ही शिकण्यात मॅनेजरचा फायदा काय, हे त्यालाच शोधत बसायला लावू नका. मी अशी ईमेल लिहिते:

"आपल्या नोंदणी फॉर्मच्या दुसऱ्या टप्प्यावर लोक गळतात, त्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आणि दोन भाषणं या परिषदेत आहेत. परतल्यावर आठ दिवसांत मी टीमपुढे अर्धा तास बोलेन आणि फॉर्ममध्ये करून बघण्याजोगे दोन बदल मांडेन. त्या तीन दिवसांतलं माझं काम कोण बघेल हे सहकाऱ्यांशी बोलून ठरवलं आहे. एकूण खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे."

एवढंच. नकार आला तर कार्यशाळेपुरती किंवा ऑनलाइन हजेरीपुरती परवानगी मागा. तेही नाही जमलं तर परिषदेच्या जुन्या भाषणांचे व्हिडिओ बघा. 'काय'ची बरीच सादरीकरणं यूट्यूबवर सापडतात.

पायरी ४: जायच्या आधीचा गृहपाठ

वक्ते काही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरूनच बोलतात. त्या माहीत नसल्या तर निम्मं भाषण डोक्यावरून जातं. यादी फार मोठी नाही.

युजेबिलिटीतले नावाजलेले जाणकार जेकब निल्सन यांची स्क्रीन डिझाइनची दहा तत्त्वं, १९९४ मध्ये आजच्या रूपात आलेली, सलग वाचा. पाठांतर नको, पण पाचवं चूक होऊच नये याबद्दल आहे आणि नववं झालेली चूक वापरकर्त्याला उमजावी, सुधारता यावी याबद्दल, इतपत ओळख हवी. फिट्सचा नियम १९५४ चा, म्हणजे माउसच्याही आधीचा: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. मोबाइलवरची बारीक बटणं का छळतात याचं उत्तर तिथे आहे. ॲक्सेसिबिलिटीचे 'डब्ल्यूसीएजी' हे निकष वेबचे मानदंड ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था प्रसिद्ध करते; त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा आणि बोटाने दाबायची जागा, काही अपवाद सोडले तर, निदान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मोजमाप) हवी, हे दोन आकडे दर परिषदेत कानावर पडतात. झालेली चूक शब्दांत सांगितली गेली पाहिजे, ही तर या निकषांतली सर्वांत खालच्या पातळीची अट आहे. आमचा तो लाल मजकूर आठवून मला अजून ओशाळायला होतं.

आता एका आकड्यापाशी जरा थांबते, कारण व्यासपीठावरून तो सर्वांत जास्त वेळा चुकीचा फेकला जातो. 'पाच जणांवर तपासलं की पुरे.' याचं मूळ निल्सन आणि टॉम लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितात आहे. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जण मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ही ३१ टक्क्यांची सरासरी त्यांनी ज्या चाचण्या पाहिल्या त्यांतली. तुमच्याकडे दहातल्या एकालाच छळणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. स्वतः करून बघा: ०.९ पाच वेळा गुणा आणि उत्तर एकातून वजा करा. शिवाय निल्सन यांचा सल्ला पाच जणांवर थांबा असा नव्हताच. पंधरा माणसं मिळणार असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर डिझाइन सुधारा, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं अडचणी शोधण्यापुरतं आहे. 'अ' पर्याय 'ब'पेक्षा किती टक्के बरा, हे पाच जणांवरून कळत नाही.

तसंच 'एसयूएस'चं. 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल', म्हणजे एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली ते मोजायला जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली. तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात म्हणून लोक त्यांना टक्केवारी समजतात. ती टक्केवारी नाही. सरासरी गुण ६८ च्या आसपास पडतात, त्यामुळे ७० मिळाले म्हणजे साधारण मधोमध. पडद्यावर '७० टक्के लोक समाधानी' असं दिसलं की हात वर करायची जागा तीच.

पायरी ५: प्रत्यक्ष त्या दिवसांत

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वक्ता काय म्हणाला, उजवीकडे हे माझ्या कामात कुठे लागतं. उजवी बाजू सलग दोन पानं कोरी राहिली तर उठून बाहेर जा. भाषण अर्ध्यात सोडणं परिषदेत उद्धटपणाचं मानत नाहीत. दाराजवळची खुर्ची धरली की झालं. पडद्याचे फोटो काढत बसू नका, ते नंतर कुणी बघत नाही. मीही बघितलेले नाहीत.

प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक हातात आला की एका वाक्यात विचारा. नमनाला घडाभर तेल जाळणारे दर सभागृहात दोन-तीन असतातच. आधी स्वतःची ओळख, मग कंपनीची, मग वक्त्याची स्तुती, आणि प्रश्न येईस्तोवर वेळ संपलेला. 'हे कुणावर तपासलं?' आणि 'काय चाललं नाही?' हे दोन प्रश्न जवळपास कुठल्याही भाषणाला लागू पडतात आणि बहुतेक वक्त्यांना ते आवडतात, कारण फसलेल्या गोष्टी स्लाइडवर आलेल्या नसतात. इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर प्रश्न वहीत लिहून काढा आणि वाचून दाखवा. कुणी हसत नाही. तिथल्या पुष्कळ लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते.

कॉरिडॉर हा परिषदेचा खरा वर्ग. अनोळखी घोळक्यात शिरायचं कसं? परिषदांमध्ये मुरलेली माणसं गोल करून उभी राहताना एका माणसापुरती फट मुद्दाम मोकळी ठेवतात. अशी फट दिसली की तिथे जाऊन उभे राहा आणि मिनिटभर नुसतं ऐका. 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाने संभाषण पदनामांवर अडकतं. त्याऐवजी 'सध्या मला एक फॉर्म छळतोय' असं म्हणून बघा. डिझायनरला दुसऱ्याचं कोडं दिलं की त्याला राहवत नाही.

दिवसाला दोन चांगली संभाषणं पुष्कळ झाली. एखादा माणूस लिंक्डइनवर जोडलात तर तिथल्या तिथेच दोन शब्द टिपून ठेवा: 'दुसरा दिवस, कार्ड सॉर्टिंग, पुस्तकालयाची साइट.' (कार्ड सॉर्टिंग म्हणजे विषयांच्या चिठ्ठ्या लोकांकडून गटांत लावून घेणं.) नाहीतर घरी आल्यावर वीस नावं आणि एकही चेहरा नाही, अशी गत होते.

काम दाखवताना मात्र हात आखडता घ्या. बाजारात न आलेल्या प्रॉडक्टचे स्क्रीन, ग्राहकांचे आकडे, टेस्टिंगमधल्या माणसांचे व्हिडिओ फोनवर दाखवू नका. बहुतेकांनी नोकरीला लागताना गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि ती विसरलेली असते. कागदावर चौकटी काढून प्रश्न समजावता येतो. उलट तसा तो जास्त स्पष्ट होतो, कारण रंगांवर चर्चा होत नाही.

नोकरी शोधत असाल तर तसं सरळ सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघांचाही वेळ जातो. 'मी ज्युनिअर जागा शोधते आहे, तुमच्या टीममध्ये माणसं कशी निवडता?' एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं, भले तिथे जागा नसेना.

पायरी ६: परत आल्यावरचा आठवडा

परिषदेचं जे व्हायचं ते याच आठवड्यात होतं. ऑफिसात साचलेलं काम असतं, मन अजून तिकडेच असतं आणि वही बॅगेतच राहते. म्हणून परतीच्या प्रवासातच उजव्या बाजूची टिपणं वाचून एक गोष्ट निवडा. एकच, आणि आठ दिवसांत करून बघता येईल एवढी छोटी.

आम्ही काय केलं ते सांगते. चूक रकान्याच्या अगदी लगत, वरच्या बाजूला आणली, म्हणजे कीबोर्डखाली जाणार नाही. टाइप करताना ती ओरडायची, ती आता रकाना सोडल्यावर दिसायला लागली आणि दुरुस्त केल्याबरोबर नाहीशी व्हायला लागली. 'अवैध माहिती' हे शब्द काढून 'दहा अंक लागतात, नऊ दिसताहेत' असं लिहिलं. डेव्हलपरने स्क्रीन रीडरला मेसेज पोचवायची सोय केली, त्याला अर्धा दिवस लागला. मग पाच जणांना फॉर्म भरायला बसवलं. दोघं अजूनही अडली, पण वेगळ्याच ठिकाणी: जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये महिना-महिना करत चाळीस वर्षं मागे जायला लागत होतं. म्हणजे पुढच्या फेरीचा प्रश्नही मिळाला.

टीमपुढे बोलताना परिषदेचा वृत्तांत देऊ नका, तो कुणाला नको असतो. आपला प्रश्न, तिथे मिळालेली दोन-तीन उत्तरं, आणि आपण काय करून बघणार, बस. डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजर दोघांनाही बोलवा. आणि ज्या दोन-तीन माणसांनी खरंच मदत केली त्यांना कळवा, नुसतं 'भेटून आनंद झाला' असं नको. 'तुम्ही कीबोर्डबद्दल म्हणालात, ते तसंच निघालं' अशी ईमेल फार थोड्या लोकांना मिळते. त्या टेस्टिंगवाल्या बाईंशी माझी ओळख अशा एका ईमेलवर टिकली आणि आता अडलं की मी त्यांना विचारते.

पायरी ७: दोन परिषदांच्या मधली वर्षं

परिषदेला गेलात म्हणून डिझायनर म्हणून वाढाल असं नाही, पी हळद नि हो गोरी असा हा मामला नव्हे. मधल्या काळात काय करता त्यावर पुढच्या परिषदेत तुम्हाला काय समजेल हे ठरतं.

निर्णयांची डायरी ठेवा. रोज नको, पण मोठा निर्णय झाला की चार ओळी: पर्याय काय होते, काय निवडलं, का, आणि चुकलो तर कशावरून कळेल. सहा महिन्यांनी ती वाचताना स्वतःचे अंदाज कुठे सारखे चुकतात ते दिसतं. पोर्टफोलिओसाठीही याच ओळी कामी येतात. चकचकीत स्क्रीनची रांग लावलेले पोर्टफोलिओ निवडणाऱ्यांनी शेकड्याने पाहिलेले असतात. 'आम्हाला वाटलं अ, टेस्टिंगमध्ये निघालं ब, म्हणून क केलं' असं एक प्रकरण नीट सांगता आलं तर तिथे वाचणारा थांबतो. तीन प्रकरणं पुरतात. त्यांत एखादं फसलेलं असेल तर उत्तम.

शेजारच्यांचं काम शिका. एचटीएमएल आणि सीएसएस या वेबपान बांधायच्या भाषा इतपत याव्यात की ब्राउझरमध्ये फॉर्म कसा वागतो ते स्वतः तपासता येईल. एथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन', म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे स्वतःला बसवून घेणारं पान, ही कल्पना मांडली तेव्हा ती लवचीक ग्रिड, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापाप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) या ब्राउझरच्याच सामानातून उभी केली होती. ब्राउझर कळत नसता तर ती सुचली नसती. आकडेवारी आणि मजकूर लिहिणं हीसुद्धा शेजारची कामं आहेत. निम्मे युजेबिलिटीचे प्रश्न शब्दांचेच असतात असं माझं मत, मोजलेलं नाही.

प्रमाणपत्रांबद्दल नवखे हमखास विचारतात. 'निल्सन नॉर्मन ग्रुप' या सल्लागार संस्थेचं प्रमाणपत्र असतं, ॲक्सेसिबिलिटीसाठी 'आयएएपी' या संघटनेची 'सीपीएसीसी' परीक्षा असते. अभ्यासाला शिस्त लागते म्हणून ती चांगली. पण केलेल्या कामाऐवजी ती दाखवून भागत नाही. पदनामांचंही तेच. डॉन नॉर्मन ॲपलमध्ये १९९३ च्या सुमारास 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द पदनामात घेऊन काम करू लागले, त्यानंतर या पाटीखाली इतकी वेगवेगळी कामं आली की नुसत्या पाटीवरून काहीच कळत नाही. नोकरी निवडताना विचारायचा प्रश्न एकच: गेल्या तीन महिन्यांत टीममधलं कोण, किती वापरकर्त्यांना प्रत्यक्ष भेटलं?

पायरी ८: माइक हातात घेणं

दुसऱ्या-तिसऱ्या परिषदेनंतर कधीतरी वाटतं, हे मीही सांगू शकले असते. तेव्हा थांबू नका. सुरुवात पाच मिनिटांच्या भाषणाने किंवा पोस्टरने करा. पोस्टरशेजारी उभं राहून दोन तासांत तीस वेळा तीच गोष्ट सांगितली की कुठे लोकांचा चेहरा कोरा होतो ते कळतं.

प्रस्ताव बऱ्याच आधी मागवतात. 'काय'चे शोधनिबंध साधारण सप्टेंबरात द्यावे लागतात आणि परिषद पुढच्या एप्रिल-मेमध्ये भरते. रोज हे काम करणाऱ्यांच्या परिषदांमध्येही सहा-आठ महिने धरून चाला. प्रस्तावात चार गोष्टी: कुणाला काय अडत होतं, तुम्ही काय केलं, काय फसलं, आणि ऐकणाऱ्याने सोमवारी कामावर जाऊन काय करायचं. मी पहिला प्रस्ताव 'फॉर्म डिझाइनची बदलती क्षितिजं' या नावाने पाठवला होता. नाकारला गेला. वर्षाने 'कीबोर्डखाली गेलेला एरर मेसेज' या नावाने तोच मजकूर, थोडा छाटून पाठवला. तो घेतला.

निवड झाली तर स्लाइडवरचा मजकूर मोठा आणि ठळक ठेवा, चित्रात काय आहे ते तोंडाने सांगा, व्हिडिओला कॅप्शन द्या. सभागृहात न दिसणारं किंवा न ऐकू येणारं कुणी बसलेलं असू शकतं, आणि यूएक्सवरच्या भाषणात शेवटच्या रांगेतून पडदा वाचता येत नसेल तर लोक मनातल्या मनात जे म्हणतात ते मी स्वतः अनेकदा म्हटलेलं आहे. घरी घड्याळ लावून तीनदा सराव करा. वीस मिनिटांचं भाषण पहिल्या वेळी तीस मिनिटं चालतं. आणि भाषण संपल्यावर लगेच सामान आवरायला लागू नका. ज्याला माइकवर विचारायचं धाडस झालं नाही तो सभागृह रिकामं होईपर्यंत मागे घुटमळत असतो, हातात वही धरून.